पोरगी जरा उजळ दिसू द्या

तुळशीचं लग्न उरकलं की वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर इथल्या फोटो स्टुडिओंमध्ये रात्री उशिरापर्यंत काम चालतं. लग्नाचे अल्बम लावायचे असतात, बायोडाटासाठी फोटो तयार करायचे असतात. मुलीच्या फोटोसोबत एक विनंती हमखास येते. कधी आई करते, कधी मामा, अगदी सहज: "भाऊ, पोरगी जरा उजळ दिसू द्या." मुलाच्या फोटोसोबत ती क्वचितच येते.

ही विनंती पुरी करणं आता फार सोपं झालंय. फोटोशॉपमध्ये 'कलर रेंज' नावाची सोय आहे. ड्रॉपर गालावर टेकवला की त्या रंगाशी जुळणारा फोटोतला सगळा भाग निवडला जातो. 'फझीनेस'ची पट्टी सरकवली की आसपासच्या छटाही आत येतात. छोट्या चौकटीत एक काळं-पांढरं चित्र दिसतं: पांढरं ते निवडलेलं, काळं ते झाकलेलं, करडं ते अर्धंमुर्धं. हाच मास्क. तो बसला की उजळपणाची पट्टी तेवढ्याच भागावर चालते, बाकी फोटो आहे तसा राहतो.

मात्र संगणकाला गाल कळत नाही, त्याला आकडे कळतात. हळदीचा फोटो घ्या. ड्रॉपर नवरीच्या गालावर ठेवला आणि पट्टी थोडी जास्त सरकली, तर पितळी तांब्या, पाटाचं लाकूड, गळ्यातलं सोनं आणि दंडावरची ओली हळद, सगळंच मास्कमध्ये पांढरं होतं. घाईचं काम असेल तर चेहऱ्याबरोबर हळदही फिकी पडते आणि सोनं निस्तेज होतं. सवयीचा माणूस काळा ब्रश घेऊन एकेक वस्तू झाकत जातो. तरी बांगड्यांपाशी मास्क तुटतोच. मग चेहरा एका मुलीचा आणि मनगट दुसरीचं, असे फोटो अल्बममध्ये जन्मभरासाठी चिकटतात.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. व्हिडिओचे रंग जुळवणारी मंडळी व्हेक्टरस्कोप नावाचं साधन वापरतात. त्यावर माणसाच्या कातडीसाठी एकच तिरकी रेघ असते. गोरा, गव्हाळ, सावळा, काळा, कुठल्याही देशाचा चेहरा असो, नीट उजेडात टिपला असेल तर तो त्याच रेघेच्या आसपास पडतो. कातडीची छटा ठरते ती मुख्यतः मेलॅनिन आणि रक्त यांमुळे, आणि ती सगळ्यांचीच लाल-पिवळ्याच्या मधली. फरक असतो तो मुख्यतः किती प्रकाश परत येतो याचा. रंग वेगळे काढण्यासाठीच बनवलेलं यंत्र सगळ्या माणसांना एका रेघेवर बसवतं, आणि आपण बायोडाटात रंगासाठी वेगळा रकाना ठेवतो. शादी डॉट कॉमने 2020 मध्ये, लोकांनी आक्षेप घेतल्यावर, रंगावरून स्थळं शोधायची सोय काढून टाकली. घरी टाइप केलेल्या बायोडाटात 'वर्ण: निमगोरा' अजून आहेच.

वाशीमकरांनी तर हे मनावर घ्यायला हवं. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते याच गावी! याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. तसा लेख तिथे आहे. त्या काळातल्या अजिंठ्याच्या भिंतींवर गोऱ्या आकृतींच्या शेजारी गडद सावळ्या स्त्रिया आहेत, दागिन्यांनी मढलेल्या, डौलात उभ्या. चित्रकाराकडे गेरू होता, पिवळी माती होती, काजळी होती, पांढराही होता. सावळी कातडी त्याने विचार करून सावळी रंगवली आणि नाकाच्या शेंड्यावर, ओठावर उजेडाचे हलके हात दिले. चेहरा उठून दिसतो तो त्या उजेडामुळे. चेहरा उठावदार करायला त्याचा रंग बदलावा लागत नाही, हे या मातीतल्या राजवटीत काम करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

स्टुडिओवाल्यांची अडचण खोटी नाही, हेही सांगायला हवं. मांडवात मागे पांढरा झगमगता पडदा, नवरदेवाची पांढरी शेरवानी, वर फ्लॅश. कॅमेरा त्या पांढऱ्याला सांभाळतो आणि सावळा चेहरा अंधारात जातो, डोळे दिसत नाहीत. फोटोच्या फिल्मचा इतिहासही असाच आहे. कोडॅकच्या प्रयोगशाळांमध्ये रंग जुळवायला जे नमुन्याचं कार्ड असे, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत, आणि त्यावर वर्षानुवर्षं गोरी बाईच असायची. तिचा चेहरा बरोबर आला की छपाई बरोबर, असा हिशेब. सावळ्या माणसांचे जुने फोटो डागाळल्यासारखे येत त्यामागे हेही एक कारण होतं. चेहरा असा अंधारात गेला की मास्क ही देणगीच आहे. कलर रेंजने कातडी निवडा, तिच्यातला फक्त गडद भाग उचला, डोळ्यांभोवतीची काळोखी कमी करा, मधल्या छटांना हात लावू नका. मग डोळे दिसतात आणि मुलगी ओळखू येते. तिच्या मैत्रिणीला, आजीला, उद्या पोह्यांच्या कार्यक्रमाला येणाऱ्या पाहुण्यांनाही.

कारण तिथे खरी पंचाईत होते. फोटोतली मुलगी मनात धरून पाहुणे येतात, समोर दुसरीच बसलेली असते, आणि त्यांची नजर काय म्हणते ते तिला कळतं. फोटो तिने बदललेला नसतो, कित्येकदा तिला कुणी विचारलेलंही नसतं. उजळवलेल्या फोटोचा सगळा भार मात्र तिने एकटीने पेलायचा.

लग्नाचा फोटोग्राफर ठरवताना आपण दर विचारतो, ड्रोन आहे का विचारतो, अल्बमची पानं मोजून घेतो. त्याच बैठकीत मुलीला शेजारी बसवावं आणि चेहऱ्याच्या रंगाचं काय करायचं ते फोटोग्राफरला तिनेच सांगावं.