छत्तीस दिवसांचा हिशेब

ज्येष्ठतेची रूढी पाळली गेली, तर सप्टेंबर 2027 मध्ये न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना भारताच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील. त्या दिवशी वर्तमानपत्रांची पहिली पानं भरतील, सत्कार होतील, आणि ते व्हायलाच हवेत. त्यांची कारकीर्द मात्र 36 दिवसांची असेल. 1950 साली सुरू झालेल्या न्यायालयाच्या प्रमुखपदी स्त्री येणार ती 77 वर्षांनी, आणि तीही महिना-सव्वा महिन्यासाठी. वकिली करणारी स्त्री म्हणून मला त्या दिवसाचा अभिमान वाटेल, पण त्या 36 आकड्याकडे दुर्लक्ष करणं मला जमणार नाही. नेतृत्वाला पद लागतं तसा अवधीही लागतो. आपल्या व्यवसायात बायकांना पद उशिरा का होईना मिळतं, अवधी मिळत नाही.

हे आजचं नाही. नाशिकला 1866 मध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1892 मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पदवी हाती पडली 1922 मध्ये, कारण तोवर ते विद्यापीठ स्त्रियांना पदवीच देत नव्हतं. मधल्या काळात कोलकात्यात रेजिना गुहा यांनी वकिलीची सनद मागितली, तर 1916 मध्ये उच्च न्यायालयाने कायद्यातल्या ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्री बसत नाही असा अर्थ लावला. 1923 मध्ये खास कायदा करून हा अडसर काढला गेला आणि मुंबई उच्च न्यायालयात मिठन टाटा (पुढे लाम) यांच्यासाठी दार उघडलं. कॉर्नेलियाबाई तोवर छप्पन्न-सत्तावन्न वर्षांच्या झाल्या होत्या. हक्काची वकिली त्यांना जेमतेम पाचेक वर्षं करता आली. सनद मिळाली, पण ती वापरायची उमेदीची तीस वर्षं कोणत्याच कायद्याने परत मिळणार नव्हती.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच मुंबईचं आहे. न्यायमूर्ती सुजाता मनोहर 1978 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या, वयाच्या पंचेचाळिशीच्या आत. नेमणूक वेळेत झाली म्हणून ज्येष्ठता साठत गेली, आणि 1994 मध्ये त्या या न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या. त्याच वर्षी त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 1997 मध्ये कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वं घालून देणाऱ्या तीन न्यायमूर्तींच्या पीठात त्या होत्या. 1862 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाला मुख्य न्यायमूर्तिपदी स्त्री मिळायला 132 वर्षं लागली. पुढची यायला आणखी 22 वर्षं गेली. 2016 मध्ये न्यायमूर्ती मंजुळा चेल्लूर आल्या. ‘पहिली’ आली की वाट आपोआप रुळते, हा समज या 22 वर्षांपुढे टिकत नाही.

मग वेळ जातो कुठे? त्यासाठी दिल्लीकडे न बघता जिल्हा न्यायालयात यावं. गेल्या पावसाळ्यात वाटपाच्या एका दाव्यात उलटतपास होता. ज्युनिअर मुलीने दोन रात्री बसून सातबाराचे उतारे आणि फेरफार नोंदी लावल्या होत्या, प्रत्येक विसंगतीवर पिवळी चिठ्ठी चिकटवून तिच्यावर प्रश्न लिहिला होता. सकाळी पुकारा झाला तेव्हा तीच उभी राहिली आणि जेवणाच्या सुट्टीनंतरची वेळ मागून घेतली. बाकावर बसलेल्या पक्षकाराने तिला तीनदा विचारलं, “ताई, साहेब येणार ना?” “येतील काका,” ती म्हणाली. साहेब आले. तिच्या चिठ्ठ्या वाचत त्यांनी दीड तास उलटतपास घेतला, आणि चांगला घेतला. साक्षीच्या कागदावर नाव त्यांचं लागलं. पक्षकाराने हात जोडले तेही त्यांनाच.

यात कोणी वाईट वागलं असं मी म्हणणार नाही. ज्युनिअर मुलांच्याही वाट्याला हे दिवस येतात. फरक पुढे पडतो. तीन-चार वर्षांनी मुलाला पक्षकार ‘वकीलसाहेब’ म्हणू लागतो आणि सीनिअर म्हणतात, “आजचं अर्ग्युमेंट तूच कर.” मुलीच्या हातात तेव्हाही मुदतीचा अर्जच असतो. ती बाळंतपणासाठी सहा महिने घरी राहिली, तर तिला पगारी रजा देणारं कोणी नसतं, कारण स्वतंत्र वकिली करणाऱ्या बाईला मातृत्व लाभाचा कायदा लागूच होत नाही. पक्षकार वकीलपत्रावर ना-हरकत घेऊन फाइल दुसरीकडे नेतो. परत आल्यावर तिच्याकडे कामं येतात ती पोटगीची आणि ताब्याची. ती कामं मोलाची आहेत. पण 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानेही तिथल्या न्यायाधीशपदासाठी महिलांना प्राधान्य द्यावं असं म्हटलं आणि कळत नकळत बाईची जागाही दाखवून दिली. व्यापारी वाद, कर, मोठी जमीन प्रकरणं यांत जिचं नाव दिसलं नाही, ती ज्येष्ठ वकील म्हणून कोणाच्या नजरेत भरणार?

‘गुणवत्ता असेल तर कोण अडवतं?’ हा प्रश्न मी बाररूममध्ये वर्षानुवर्षं ऐकते. तो प्रामाणिक प्रश्न आहे, म्हणून त्याचं उत्तर आकड्यांतून द्यावं. जिथे लेखी परीक्षा देऊन न्यायाधीश होता येतं, त्या जिल्हा पातळीवर 2023 मध्ये देशभरात सुमारे 36 टक्के न्यायाधीश स्त्रिया होत्या. काही राज्यांत त्याला आरक्षणाचाही हातभार आहे. जिथे बहुतेक निवड वकिलांमधून, ओळखीच्या आणि प्रतिष्ठेच्या बळावर होते, त्या उच्च न्यायालयांत हे प्रमाण 14 टक्क्यांच्या आसपास घुटमळतं. परीक्षेतून आलेल्या न्यायाधीश उच्च न्यायालयात पोहोचतात त्या बहुधा पन्नाशी बरीच उलटल्यावर, आणि निवृत्तीचं वय 62. मुख्य न्यायमूर्ती व्हायला वर्षंच उरत नाहीत.

वकिलांच्या स्वतःच्या घरातही वेगळं चित्र नाही. 2021 मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी सांगितलं होतं की देशातल्या 17 लाख वकिलांमध्ये 15 टक्के महिला आहेत, पण राज्य बार कौन्सिलांवर निवडून आलेल्यांमध्ये त्या फक्त 2 टक्के. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी ठेवायला लावल्या. जानेवारी 2024 मध्ये तिथे एकाच वेळी 56 जण ज्येष्ठ वकील झाले, त्यांत 11 स्त्रिया होत्या. ठरवलं तर बदल होतो, याचा हा पुरावा आहे.

म्हणून मागणी वेळेची असावी. उच्च न्यायालयासाठी स्त्रियांची नावं पुरुषांच्याच वयात, पंचेचाळिशीच्या आसपास सुचवली जावीत. सरकार, महापालिका, बँका यांनी आपल्या पॅनेलवरची कामं कोणाला किती दिली ते दरवर्षी जाहीर करावं, कारण तो पैसा जनतेचा आहे. बाळंतपणातल्या वकिलाला तारीख मिळणं हा न्यायाधीशाच्या मर्जीचा भाग न राहता नियम व्हावा. आणि चौथी गोष्ट सीनिअरांसाठी, माझ्यासह. ज्याने चिठ्ठ्या लिहिल्या, त्याने प्रश्न विचारावेत.

वकिलांमधून उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यासाठी घटनेने दहा वर्षांची वकिली मागितली आहे. पिवळ्या चिठ्ठ्या लावणाऱ्या त्या मुलीचीही दहा वर्षं भरतील, तेवढं कॅलेंडर करतंच. त्या दहा वर्षांतल्या साक्षीच्या कागदांवर तिचं नाव किती वेळा लागलेलं असेल, हे मात्र आज जेवणाच्या सुट्टीनंतर कोण उभं राहतं त्यावर ठरणार आहे.