आकडा आधी कोणी बोलायचा?

महाड-पोलादपूरकडे घराची बैठक बसली की पहिला अर्धा तास आकडा कोणीच काढत नाही. चहा होतो, मुंबईतल्या पोराबाळांची चौकशी होते, मुंबई-गोवा महामार्गाला शिव्या घालून होतात. मग मध्यस्थ म्हणतो, "बोला भाऊ." भाऊ म्हणतात, "घर तुमचं, तुम्हीच सांगा." असं दोन-तीनदा झाल्यावर विकणारा 40 लाख म्हणतो, घेणारा 30 म्हणतो आणि संध्याकाळपर्यंत 35 वर व्यवहार ठरतो. घेणारा घरी जाऊन सांगतो, पाच लाख तोडले.

तोडले कशातून? 40 मधून. ते 40 कुठून आले, हे त्याने विचारलेलंच नसतं. इकडची बरीच घरं विकायला निघतात ती मुंबईत स्थिरावलेल्या कुटुंबांची. डोंबिवलीत किंवा विरारला फ्लॅट घ्यायला जेवढे पैसे कमी पडतात, तेवढी गावच्या घराची किंमत होते. विकणाऱ्याची गरज खरी असते, पण तिचा या घराच्या चिऱ्यांशी, छपराशी, विहिरीशी काही संबंध नसतो. अशा आकड्यातून दहा टक्के कमी केले काय आणि वीस केले काय, सुरुवातच भलत्या टोकाकडून झालेली असते. आपण किती देणार हे समोरच्याचा भाव कानावर पडण्याआधी घरी बसून, कागदावर ठरवलेलं असावं, असं माझं म्हणणं आहे.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे रेडी रेकनर. पण शासनाचा हा वार्षिक मूल्यदर तक्ता मुद्रांक शुल्क कमीत कमी किती रकमेवर घ्यायचं, एवढंच ठरवतो. त्यात विभाग असतो, बांधकामाचा प्रकार असतो. ओटीवर पाणी किती वेळा चढलं याचा रकाना नसतो. शेजारच्या घराच्या खरेदीची नोंद, म्हणजे इंडेक्स टू, काढली तरी तिच्यात कागदावर दाखवलेली रक्कम तेवढी दिसते. तक्ता बघावा तो निराळ्या कारणासाठी. त्यातली किंमत आपण मोजलेल्या रकमेपेक्षा 10 टक्क्यांहून आणि 50 हजारांहून जास्त भरली, तर तो फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागतो. फार घासाघीस करणाऱ्यांना हे जरा उशिरा कळतं.

महाड शहरात कागदावरची पहिली ओळ सावित्री नदीची असायला हवी. वरून महाबळेश्वर-पोलादपूरच्या डोंगरांचं पाणी येतं, गांधारी आणि काळ नद्या त्यात भर घालतात, आणि खाली बाणकोटच्या खाडीला भरती असली की हे पाणी ओसरायला वाटच मिळत नाही. जुलै 2005 आणि 22 जुलै 2021, महापुराच्या या दोन तारखा इथे कोणाला सांगाव्या लागत नाहीत. जलसंपदा विभागाच्या हिशेबात निळी पूररेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 25 वर्षं ऐकली की माणूस निर्धास्त होतो. पण दर वर्षी 4 टक्के शक्यता धरली, तर 20 वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत तो पूर निदान एकदा येण्याची शक्यता 56 टक्के भरते. लाल रेषेवरच्या घरालाही याच मुदतीत 18 टक्के शक्यता आहेच.

याचे रुपये करता येतात. समजा, पाणी घरात शिरलं की वायरिंग, फ्रीज, गाद्या, फुगलेल्या चौकटी, रंग आणि महिनाभर दुसरीकडे राहणं असे मिळून 3 लाख जातात. 25 वर्षांतून एकदा असं झालं, तर वर्षाला सरासरी 12 हजार. 8 टक्के व्याजाने दरसाल 12 हजार सुटायला दीड लाख बाजूला टाकावे लागतात. म्हणजे पैशांपुरतं बोलायचं तर मोठ्या पुरासाठी किंमत दीड लाखांनी उतरते. तेच पाणी पाच वर्षांतून एकदा आत येत असेल, तर हिशेब साडेसात लाखांवर जातो. लोक याच्या नेमकं उलट करतात. 2021 चे फोटो आठवून पाच-सात लाख तोडायला बघतात, आणि अधूनमधून गुडघाभर येणारं पाणी किमतीत धरतच नाहीत.

त्या गुडघाभर पाण्याची बातमी होत नाही, पण घर सांगतं. विजेचा मीटर डोक्याच्याही वर का नेलाय? खालचे स्विच काढून पाट्या का मारल्यात? जोत्यापासून तीन फुटांपर्यंतच प्लास्टर नवं का, आणि कपाट विटांवर का उभं आहे? घर एप्रिलमध्ये बघितलं तर यातलं निम्मं रंगाखाली गेलेलं असतं. श्रावणात बघावं, तेही गल्लीतल्या भाडेकरूशी बोलून. भाडेकरूला घर विकायचं नसतं.

मुंबईहून आलेल्या घेणाऱ्याला आणखी एक धोका असतो. अमेरिकेत अटलांटिक रिचफिल्ड या तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी 1971 मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या तेलपट्ट्यांच्या लिलावांवर लिहिलं होतं. प्रत्येक कंपनी जमिनीखाली तेल किती असेल याचा अंदाज बांधून बोली लावते; पट्टा मिळतो तो बहुधा ज्याचा अंदाज सगळ्यांत जास्त फुगलेला त्याला. जिंकला म्हणजे फसला असण्याचीच शक्यता अधिक. दोन वर्षं विकायला असलेल्या घराला गावातल्या माणसांनी 22 च्या वर बोली लावली नाही आणि ठाण्याहून आलेल्याने ते 35 ला घेतलं, तर तो आपण वेळ साधली असं समजतो. प्रत्यक्षात गावाने ते घर 22 ला सोडलं, ही त्या व्यवहारातली सगळ्यांत मोलाची माहिती होती. ती मिळवायला पैसे लागत नाहीत, चार लोकांत बसावं लागतं.

काही दोषांना मात्र किंमत लावताच येत नाही, आणि घासाघिशीची सवय नेमका तिथे घात करते. 2005 ला जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. 2021 ला महाड तालुक्यातलं तळिये गाडलं गेलं, 80 हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात त्याच पावसात साखर सुतारवाडी आणि केवनाळ्यावर डोंगर आला. तशा उतारावरचं घर निम्म्या भावात मिळत असेल, तर निम्मा भाव ही सवलत म्हणता येणार नाही. वरच्या डोंगराला भेग आहे का, पावसात नवे झरे फुटतात का, याचं उत्तर आलं नाही तर बैठकीलाच जाऊ नये. इमारतींचंही तसंच. महाडच्या काजळपुऱ्यातली पाच मजली तारिक गार्डन 24 ऑगस्ट 2020 ला कोसळली, 16 जण गेले. तिला दहा वर्षंही झाली नव्हती. बांधकाम नवं आहे म्हणून जास्त मोजणाऱ्यांनी तिथे नेमकं काय विकत घेतलं होतं?

सामाईक घराचा दोष या दोन प्रकारांच्या मधला आहे. किंमत लावता येते, पण ती लावायची नसते. आधी दोष काढून घ्यायचा असतो. एका भावाने "माझा हिस्सा घ्या, स्वस्तात देतो" म्हटलं आणि आपण घेतला, तर 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात परक्या खरेदीदाराला सामाईक ताब्याचा हक्क मिळत नाही. वाटणीचा दावा लावला तर 1893 च्या वाटणीच्या कायद्याचा आधार घेऊन बाकीचे भाऊ कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तोच हिस्सा आपल्याकडून मागू शकतात. बहिणींच्या सह्या "नंतर घेऊ" म्हणणाऱ्यालाही विसार देऊ नये. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालानंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासून आहे. सगळ्यांच्या सह्या साठेखतावर येईपर्यंत आपला आकडा खिशातच राहावा.

एवढं सगळं करून कागदावर 25 लाख आले, आणि पोलादपूरची एखादी आजी बैठकीत 18 च म्हणाली, तर? तिला खरा भाव सांगायला हवा, असं काही जण म्हणतील. मला ते पूर्ण पटत नाही. माझे 25 माझ्या गरजेचे आहेत, उद्या येणाऱ्याच्या कागदावर 17 ही असतील. पण "आजी, 16 ला द्या" म्हणायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, हे मात्र पक्कं. तिथे घासाघीस ही निव्वळ खोड ठरते. तिने मागितले तेवढे द्यावेत, विसार त्याच आठवड्यात बँकेतून द्यावा, आणि उरलेली रक्कम खरेदीखताच्या दिवशी एकरकमी द्यावी, "पावसाळ्यानंतर बघू" म्हणत लोंबकळत ठेवू नये.