कुजलेला खांब आणि मंडळीचें घर



पुण्यांतील विश्रामबाग वाडा तुमच्यापैकीं कित्येकांनीं पाहिला असेल. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचा हा वाडा १८०७ सालचा. त्याच्या दर्शनी भागाचें कोरीव लांकूडकाम पाहून वाटसरू आजही थबकतो. १८७९ सालीं आग लागून त्याचा कांहीं भाग जळाला. परंतु जें वांचलें तें लोकांनीं पाडून टाकिलें नाहीं. नगरपालिकेच्या द्रव्यानें व नागरिकांच्या वर्गणीनें दुरुस्ती झाली. दोनशें वर्षांवरील तें घर आज उभें आहे, कारण बिघडल्यावरही कोणीं त्याची आशा सोडिली नाहीं.

अशा जुन्या वाड्यांचा भार सागवानी सांगाड्यावर असतो. दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कड्या. मातीची भिंत केवळ आडोसा होय. खांब कुजतो तो बहुधा पायाशीं, जेथें ओल सांचते आणि वाळवी चढते. वरून रंग चकचकीत असतो, आंत भुसा झालेला असतो.

जाणता सुतार काय करितो तें पाहा. तो प्रथम हातोडीनें खांब ठोकून आवाज ऐकतो. पोकळ वाजला कीं समजतो. मग तुळईखालीं धिरे लावून खांबावरचा भार उतरवितो. भार उतरविल्यावांचून तो करवत लावीत नाहीं. त्यानंतर कुजका भाग निर्मळ लांकूड लागेपर्यंत कापतो, त्यापुढें एक बोटही कापीत नाहीं. त्या जागीं मुरलेल्या सागाचा तुकडा सांधून लांकडी खुंट्या ठोकितो. आणि ओल जेथून आली तें फुटकें कौल बदलितो, नाहीं तर नवा सांधाही कुजेल. घाईचा मनुष्य मात्र वरून सिमेंटचा गिलावा चोपडितो. चुन्यांतून ओल बाहेर निघून जाते. सिमेंटाखालीं ती कोंडते आणि लांकूड आंतल्या आंत खाऊन टाकिते.

लेवीय पुस्तकाच्या चवदाव्या अध्यायांत चट्टा पडलेल्या घराविषयीं परमेश्वरानें हीच रीत लावून दिली आहे. याजकानें घर रिकामें करवावें, पाहावें, सात दिवस बंद ठेवावें. मग दूषित दगड तेवढे काढून दुसरे बसवावे, भिंती खरवडून नवा गिलावा करावा. इतकें करूनही चट्टा पुनः पसरला तरच घर पाडावें. पाडणें ही शेवटची गोष्ट आहे, पहिली नव्हे.

बंधूंनो, आपल्या मंडळींत कोणी पडला म्हणजे आपण काय करितों? कोणी म्हणतात, "त्याला काढून टाका." कोणी म्हणतात, "झांकून टाका, गांवांत नांव जाईल." मीं स्वतः हें दुसरें पाप केलें आहे, तें येथें कबूल करितों. एका खेड्यांत एक बंधु दारूच्या नादीं लागला होता. नाताळ जवळ आला होता, म्हणून मीं पंचांना गप्प राहावयास सांगितलें. सणाला देऊळ शोभलें, तो बंधु पुढच्या बांकावर बसला. पावसाळ्यापूर्वीं त्याची बायको मुलें घेऊन माहेरीं गेली व शेत गहाण पडलें. तो माझा सिमेंटचा गिलावा होता.

पुढें दोन वडील मंडळी त्याच्याकडे गेलीं, तीं प्रथम धिरे घेऊन गेलीं. एकानें पेरणीस बैल दिले, दुसऱ्यानें सावकाराशीं बोलणें केलें. मग संध्याकाळीं ओट्यावर बसून त्याचें पाप त्याला स्पष्ट सांगितलें, आणि गुत्त्याच्या वाटेनें त्याला एकटें जाऊं दिलें नाहीं. तो रडला. त्याची बायको अजून पुरती विश्वासत नाहीं. पण ती परत आली आहे.

उपदेशकहो, तुमच्या गांवीं असा खांब असेल तर या आठवड्यांत त्याच्या दाराशीं जा. आधीं भार उतरवा, मग कापा. आणि निर्मळ लांकूड लागतांच हात आवरा. आपला प्रभु सुताराच्या घरीं वाढला. त्यानें आपणांपैकीं कोणालाही जळण म्हणून फेंकून दिलें नाहीं, हें स्मरून करवत हातीं घ्या.