जवारीचा दोरा

फोन पालथा ठेवा. बंद करायची गरज नाही, नुसता पालथा. पाठ टेकेल अशा जागी बसा. पंखा चालू असेल तर त्याची घरघर ऐका. रेकॉर्डिंगच्या रात्री तुम्ही तो बंद केला होता आणि घामानं निथळत गायला होतात. आज त्याला फिरू द्या.

तुमचं पहिलं गाणं बाहेर पडलंय. शब्द तुमचे, चाल तुमची, खिडकीला गोधडी लावून टिपलेला आवाज तुमचा आणि मिक्सही तुमचाच. फॉर्ममध्ये गायक, संगीतकार, निर्माता या तिन्ही रकान्यांत एकच नाव भरताना जरा हसू आलं असेल. आता अभिप्राय येताहेत. मामाचा अंगठा आला. शाळेतल्या मित्राचं 'भारी रे' आलं. ज्याच्या मताची खरी वाट पाहत होतात, त्याच्या दोन निळ्या टिका आल्या आणि पुढे काहीच नाही. आणि एखादं वाक्य असं आलं, की ते दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं दिवसभर जिभेला लागतंय.

आज त्या एका वाक्यापाशी बसायचं आहे. त्याला उत्तर द्यायचं नाही, खोडायचं नाही, पटवूनही घ्यायचं नाही.

माझ्या पहिल्या गाण्याच्या वेळी ते वाक्य आईचं होतं. स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याला फोन टेकवून तिनं गाणं शेवटपर्यंत ऐकलं, तव्यावरची पोळी उतरवली आणि म्हणाली, "चाल गोड आहे. शब्द नाही कळले रे."

मी "बरं" म्हणालो आणि खोलीत येऊन बसलो. मनात उत्तरांची रांग लागली होती. फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर ऐकतेस, वर कुकर चालू, मग कळणार कसं?

तुमचं वाक्य आता एकदा मनात म्हणा. ज्यानं म्हटलं, त्याच्याच आवाजात म्हणा. आणि बघा, ते कुठे लागतं. कानशिलं तापतात का? पोटात काही आवळतं? की लगेच जीभ हलायला लागते, खुलासा द्यायला?

जिथे लागतं तिथे थोडं थांबा.

हा चटका नवा नाही. आपला आवाज पहिल्यांदा रेकॉर्डिंगमध्ये ऐकला तेव्हाही तो बसला होता. 'हा मी नाही' असं वाटलं होतं. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडं त्याला खालचा भरदारपणा देतात. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून आलेला आवाज उरतो. म्हणजे जो आवाज आपल्याला परका वाटला, तोच बाकी सगळ्या जगाला आपला म्हणून ओळखीचा होता. गाण्याचंही तसंच. तुम्ही ते आतून ऐकता. त्यात पहाटे तीनला सुचलेली ओळ आहे, वाया गेलेले अकरा टेक आहेत, पूर्ण वेगळी होऊन गेलेली पहिली चाल आहे. ऐकणाऱ्याकडे तुमची हाडं नाहीत. त्याच्याकडे फक्त हवा आहे.

श्वास सोडा. पुन्हा त्या वाक्याकडे या.

बैठकीत ऐकणाऱ्याच्या मताची अशी वाट पाहावी लागत नव्हती. समेवर आलेली दाद तिथल्या तिथे मिळायची. एखादी जागा घेतली की समोरची मान हलायची, आणि नाही हलली तर गवयाला कळायचं की इथे रेंगाळण्यात अर्थ नाही. संगीत नाटकात 'वन्स मोअर' आला की पद पुन्हा व्हायचं. ऐकणारा गाण्यातच सामील असायचा. मग १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर उभ्या राहिल्या. जवळपास तीन मिनिटांत गाणं बसवायचं होतं आणि समोर मान हलवणारं कुणी नव्हतं. गाणं संपताच त्यांनी इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारलं, कारण तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या आणि तिथल्या लोकांना कोण गातंय ते कळायला हवं होतं. दाद गाण्यापासून वेगळी झाली ती अशी. गाणं आधी पुरं व्हायचं, ऐकणारा मागाहून, कुठेतरी लांब भेटायचा.

तुम्ही पालथ्या फोनकडे वळून बघता, तेव्हा सव्वाशे वर्षांची ही ताटातूट तुमच्या वाट्याला आलेली असते. समेवर मिळायची ती मान हलायला आठ दिवस लागतात, आणि येते ती अंगठ्याच्या रूपात. मग थोडं पोरकं वाटलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता वाक्य हातात घ्या आणि हळूच सोलून बघा. बहुतेक अभिप्रायांत तीन गोष्टी चिकटलेल्या असतात: काय ऐकू आलं, कसं वाटलं, आणि काय करायला हवं. 'बेस कमी आहे, कंटाळवाणं झालंय, ड्रम्स टाक.' तिन्ही वेगळ्या करा.

तिसरी गोष्ट आधी बाजूला ठेवा. उपाय सांगणारा बहुधा त्याच्या मनातलं गाणं सांगत असतो. दुसरी मानून घ्या, कारण कंटाळा आला हे खोटं पाडता येत नाही. आणि पहिलीपाशी बसा. काय ऐकू आलं? कुठे? कशावर?

फोनच्या स्पीकरमधून खोल बेस बाहेरच पडत नाही. 'बेस कमी आहे' म्हणणाऱ्यानं फोनवर ऐकलेल्या गाण्यात तो नव्हताच. आवाज लहान ठेवून ऐकलं तरी खालचे सूर आधी मावळतात. आपला कानच तसा आहे, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं होतं. तुम्ही रात्री हेडफोन लावून मोठ्या आवाजात मिक्स केलं असेल, तर ज्या बेसवर तुम्ही खूष होता तो सकाळी चहा पिताना हळू आवाजात ऐकणाऱ्याच्या वाट्याला आलाच नाही. आणि तीन-चार तास सलग ऐकल्यावर कान थकतो, वरचे सूर बोथट वाटतात, आपण ते वाढवत जातो. दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतं, 'जरा टोचतंय.' तो खोटं बोलत नसतो. त्याचे कान ताजे असतात.

म्हणजे 'मला कळलं नाही' हा निकाल नसतो. तो पत्ता असतो. अमुक माणूस, अमुक वेळी, अमुक कोपऱ्यात उभा होता, आणि तुमचं गाणं त्याच्यापर्यंत इतकं इतकंच पोचलं.

आता एक वाद्य डोळ्यांसमोर आणा. तानपुरा, भिंतीला टेकवून ठेवलेला. मिरजेतली सतारमेकरांची घराणी दीडशेहून जास्त वर्षं हे वाद्य घडवत आली आहेत. भोपळ्यावरच्या तबलीवर रुंद घोडी असते. तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी पुसट उतार असतो, आणि तार त्या उतारावर घासत कंप पावते. त्या घासण्यातून जो गुंजारव उमटतो, ती जवारी. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक साधा दोरा सरकवलेला असतो. तो केसभर पुढेमागे केला की मुकी तार बोलायला लागते, आणि फार सरकवला की पुन्हा मुकी होते.

दोरा गाणारा स्वतः सरकवतो, रोज, प्रत्येक बैठकीआधी. पण घोडीचा माथा झिजला, तर दोऱ्यानं भागत नाही. वाद्य कारागिराकडे न्यावं लागतं. तो कानशीनं थोडं घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा थोडं घासतो. तिथे घाई चालत नाही, कारण घासून गेलेलं परत चिकटवता येत नाही.

तुमचं वाक्य या तानपुऱ्याशेजारी ठेवा. विचारा, हे दोऱ्याचं काम आहे की घोडीचं? गिटार थोडी खाली, रिव्हर्ब थोडा कमी, एवढ्यानं भागेल? की हे माझ्या गळ्याचं, लयीचं, लिहिण्याचं काम आहे, ज्याला वर्ष लागेल? आणि तिसरीही शक्यता असू द्या. समोरच्याला तानपुरा नकोच असेल, त्याला ढोलकी हवी असेल. तेव्हा नमस्कार करावा आणि दोऱ्याला हात लावू नये.

उत्तर लगेच मिळालं नाही तर चालेल. तार छेडून ऐकत राहा.

आईच्या वाक्याचं उत्तर मला आठवड्यानं मिळालं. भांडी पुसताना मी तिला विचारलं, "नक्की कुठला शब्द कळला नाही?"

तिला आठवावंही लागलं नाही. "दुसऱ्या कडव्यात. दार म्हणतोस की धार?"

मी 'धार' म्हणत होतो. गाणं चारशे वेळा ऐकलेल्या माझ्या कानाला तिथे 'धार'च ऐकू येत होतं, कारण शब्द मला पाठ होता. फाइल उघडून बघितली. त्या ओळीत गिटार नेमकी आवाजाच्याच पट्टीत वाजत होती आणि व्यंजनांच्या कडा रिव्हर्बमध्ये विरघळल्या होत्या. तो दोरा होता, दहा मिनिटांत सरकला. मग गिटार पूर्ण बंद करून नुसता गळा ऐकला. तरीही 'दार'. माझा 'ध' मुळातच अर्धा होता, त्यात श्वास नव्हता. त्यावर कुठलंही प्लगइन चालत नाही. ती घोडी होती, आणि ती अजून घासतोय.

पण 'दार की धार' हे इतकं नेमकं एकदा ऐकून कुणी सांगू शकत नाही, हे माझ्या ध्यानात उशिरा आलं. ती त्या ओळीवर पुन्हा पुन्हा मागे गेली असणार, पिठाच्या हातांनी.

 फोन सुलटा करा. ज्यानं ते वाक्य लिहिलं त्याला खुलासा पाठवू नका, आभारांचा निबंधही नको. एवढंच विचारा: "नक्की कुठे?"

आणि उत्तर येईपर्यंत पंखा ऐकत बसा.