जुन्या टाकीतला समुद्र



गेल्या महिन्यात रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर आपल्या गावातला एक तरुण भेटायला आला. तो बोटीवर नोकरी करतो, सहा महिने घरी आणि सहा महिने पाण्यावर. त्याने मोबाईलवर एका काचेच्या टाकीचे फोटो दाखवले. मुंबईतले एक कुटुंब परदेशी स्थायिक व्हायला निघाले होते आणि आपली सहा फुटी, खाऱ्या पाण्याची फिशटँक आतल्या जिवांसकट निम्म्याहून कमी किमतीत देत होते. त्यात मासे होते आणि जिवंत प्रवाळही होते. "फादर, टाकी घरी आली की आशीर्वाद द्यायला या," एवढेच त्याचे मागणे होते. प्रश्न मी काढला, आणि तो आम्हा दोघांनाही अजून पुरता सुटलेला नाही. त्याच्या परवानगीने लिहितो आहे. नाव लिहीत नाही. ओळखलेत तरी त्याला विचारू नका.

पोराने गृहपाठ चोख केला होता. सहा बाय दोन बाय दोन फूट म्हणजे सुमारे ६८० लिटर पाणी. काच, दगड, लोखंडी स्टँड धरून वजन जवळजवळ एक टन. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे चोवीस किलो मीठ, तेही खास बनवलेले. आपल्या मिठागरातले चालत नाही, कारण समुद्रातली इतर खनिजे त्यात पुरेशी उतरत नाहीत. पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवायला चिलर हवा. शिवाय जुनी टाकी हलवताना तळची वाळू ढवळली की तिच्यात साचलेली घाण वर येते, अमोनिया वाढतो आणि एका रात्रीत सगळे मरू शकते. हे सारे तो इतक्या प्रेमाने सांगत होता की मला मध्येच थांबवणे जिवावर आले.

मी विचारले, "हे प्रवाळ मुळात आले कुठून?"

"ते जुनेच आहेत, फादर. सेकंडहँड."

या शब्दापाशी मी अडकलो. जुने कपाट घेण्यात पाप नाही, उलट शहाणपण आहे. पण प्रवाळ म्हणजे कपाट नव्हे, आणि दगडही नव्हे. हजारो इवल्या प्राण्यांची ती वसाहत असते. ते चुन्याचे घर बांधतात आणि आपल्या अंगात सूक्ष्म शेवाळ सांभाळतात. त्या शेवाळाने सूर्यप्रकाशातून केलेल्या अन्नावर त्यांचे बरेचसे पोट भरते. पाणी तापले की हे शेवाळ निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. काही जाती वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतात. म्हणजे टाकीतला वीतभर गोळा त्याच्या स्वतःच्या वयाचाही असू शकेल! असे प्रवाळ लक्षद्वीपला, अंदमानला आहेत, आपल्या मालवणच्या समुद्रातही आहेत.

कायदा स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच रांगेत, २००१ साली कठीण सांगाड्याच्या सर्व प्रवाळांना आणि समुद्रपंख्यांना घातले गेले. ते काढणे, विकणे, विकत घेणे गुन्हा आहे. फक्त कायद्याचा प्रश्न असता तर लेख इथेच संपला असता. परंतु कायदा ऐकल्यावर तो म्हणाला, "फादर, मी काढले नाहीत. मी घेतले नाहीत तर दुसरा घेईल, नाहीतर ते मरतील."

'दुसरा घेईल' हे आपल्या ओळखीचे आहे. बावखले बुजवताना आपण सगळे हेच म्हणालो. मी नाही भराव टाकला तर शेजारी टाकणारच आहे! पूर्वजांनी राखलेले गोडे पाणी दाराशी बुजवायचे आणि समुद्र दिवाणखान्यात आणायचा, ही वसईची सध्याची गंमत आहे. असो.

'ते मरतील' हे मात्र गंभीर आहे. दुसऱ्याच्या चुकीत मनाने सामील होणे वेगळे आणि तसे न होता तिच्या फळाशी आपला संबंध येणे वेगळे, असा भेद संत अल्फोन्सस लिगोरी यांनी अठराव्या शतकात बारकाईने मांडला. ज्याने प्रवाळ तोडले त्याचा दोष या मुलाच्या माथी येत नाही, हे मी मानतो. आणि संकटातल्या जिवाला घरात घेणे ही दयाच आहे. पण तिला दया म्हणण्याआधी मी त्याला दोन गोष्टी विचारल्या. हे प्रवाळ मातकट, कुरूप असते तर चिलरचे वीजबिल तू भरले असतेस का? तो हसला आणि म्हणाला, "नाही, फादर." प्रामाणिक उत्तर. दुसरे, तू सहा महिने बोटीवर असताना वाफ झालेले पाणी रोज कोण भरणार? पावसाळ्यात लाईट गेली, पंप बंद पडला, तर रात्री दोन वाजता कोण उठणार? यावर तो गप्प झाला. आईला त्याने विचारलेच नव्हते.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात दावीद राजाची एक छोटी गोष्ट आहे. अदुल्लामच्या गुहेत असताना त्याला बेथलेहेमच्या विहिरीच्या पाण्याची आठवण होते. तिघे वीर पलिष्ट्यांची फळी फोडून जातात आणि ते पाणी घेऊन येतात. दावीद ते पीत नाही. ज्यांनी जीव धोक्यात घातला त्यांच्या रक्तासारखे ते त्याला वाटते. तो ते परमेश्वरापुढे ओततो. सेमिनरीत असताना मला याचा राग यायचा. पाणी तर आले होते, वीरही सुखरूप परतले होते. मग वाया का घालवायचे? आता वाटते, ते प्याला असता तर राजाची लहर भागवायला जीव धोक्यात घालणे रीतसर ठरले असते. पुढच्या तहानेला पुन्हा तिघे निघाले असते. टाकीचेही तसेच आहे. जुन्या प्रवाळांनाही गिऱ्हाईक मिळते हे कळले की नवे काढणाऱ्याची भीड चेपते.

मी त्याला सुचवले की मालकांना वन खात्याला कळवायला सांग, आणि काच, स्टँड, पंप तेवढे माग. पाळून वाढवलेले क्लाउनफिश मिळतात, ते घाल. त्याने फोन केला. मालकांनी विचार करतो म्हटले आणि चार दिवसांत टाकी आहे तशी दुसऱ्या कोणाला विकून टाकली.

तो परत आला तेव्हा रागावलेला होता. "काय उपयोग झाला, फादर? प्रवाळ तर गेलेच. माझ्याकडे निदान नीट सांभाळले गेले असते." कदाचित तो खरे बोलत असेल. नव्या मालकाला पाण्यातले काही कळते की नाही, कोणास ठाऊक. माझ्या सल्ल्याने ते जीव वाचले असे मी म्हणू शकत नाही, आणि या आठवड्यात दोनदा तरी ते माझ्या प्रार्थनेत आले. तरी तोच सल्ला मी पुन्हा देईन, हेही त्याला सांगितले. त्याला ते पटले नाही. चहा मात्र घेतला.

टाकीसाठी मोजून ठेवलेली त्याच्या घरातली भिंत अजून रिकामी आहे. पत्नीला तिथे शोकेस हवी आहे, आणि तो पुढच्या महिन्यात बोटीवर जातो आहे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू