तोच मनुष्य कोण?

ज्याने कर्ज काढले तो मी नव्हेच, असे एखाद्या ऋणकोने सावकारास सांगितले तर? हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सिसिली बेटावर एपिखार्मस नावाचा ग्रीक नाटककार होऊन गेला. त्याच्या नावावर अशी कथा सांगतात. ऋणको म्हणतो, खड्यांच्या राशीत एक खडा घातला की संख्या पूर्वीची राहत नाही. मनुष्यही रोज वाढतो व झिजतो. सबब कर्ज घेणारा निराळा व मी निराळा. सावकार त्यास चोप देतो, आणि त्याने तक्रार करताच म्हणतो, मारणारा तो मी नव्हे!

प्रिय वाचकहो, हसू येते खरे, पण उत्तर काय द्यावे? शरीराचे द्रव्य तेच राहत नाही हे खोटे नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९४ साली उत्तर दिले ते असे की, मनुष्याचे एकत्व द्रव्यात नसून जाणिवेत आहे. जे कृत्य माझे म्हणून मला आठवते ते माझे. ह्यावर टॉमस रीड ह्या स्कॉटिश तत्त्वज्ञाने (हा पूर्वी एका खेड्यातील मंडळीचा पाळकच होता) १७८५ साली मार्मिक आक्षेप घेतला. एका मुलाने बागेत चोरी करून फटके खाल्ले. तरुणपणी त्याने शत्रूचे निशाण हिरावले, तेव्हा ते फटके त्यास आठवत होते. पुढे सेनापती झाल्यावर निशाण आठवते, फटके मात्र तो विसरला. मग लॉकच्या मताने सेनापती व तरुण एक, तरुण व मुलगा एक, पण सेनापती व मुलगा एक नव्हेत! आम्हांस रीडचे म्हणणे पटते. आठवण ही साक्षीदार आहे. साक्षीदार मेला म्हणून घडलेली गोष्ट न घडलेली होत नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ सॉल क्रिपकी याने १९७० सालच्या व्याख्यानांत दाखविले की, निक्सन निवडणूक हरला असता असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्यासारख्या दुसऱ्या कोणाविषयी नव्हे, त्याच निक्सनविषयी बोलतो. अनुतापाचेही असेच आहे. ‘मी तसे करावयास नको होते’ असे म्हणणारा, ज्याने केले तोच मी आणि न करणे मला शक्य होते, ही दोन्ही कबूल करतो. तेव्हा बाप्तिस्म्यानंतर ‘जुना मनुष्य मेला’ म्हणून कोणी जुने देणे बुडवू पाहील, तर पालट झाला तो कोणाचा, हे त्याने आधी सांगावे. जक्कयाने चौपट परत देण्याचे कबूल केले तेव्हा त्याने ही सबब पुढे केली नाही.