हाक मारायची लाज

गेल्या हिवाळ्यात सांगलीतल्या एका व्याख्यानमालेत एका विद्वान गृहस्थांचं भाषण ऐकलं. त्यांचं नाव सांगत नाही. ते माझ्या मामाचे स्नेही आहेत, शिवाय असं बोलणारे ते एकटे नाहीत. महाराणी ताराबाईंपासून निघून ते क्रांतिसिंह नाना पाटलांच्या लेकीपर्यंत, हौसाताईंपर्यंत आले, पाण्याचा घोट घेतला आणि एकदम टीव्हीवर घसरले. ‘सोनपरी’ने म्हणे मुलींची एक अख्खी पिढी पांगळी केली. अडचण आली की चेंडू घासायचा, परी हजर, काम फत्ते. मग लढायला शिकणार कोण? टाळ्या पडल्या. बायकांनी जरा जास्तच वाजवल्या. शेवटी ‘कुणाला काही विचारायचं असेल तर’ म्हणून माईक फिरला. मला विचारायचं होतं. मी पर्सची चेन उघडझाप करत बसले आणि माईक पुढे गेला.

त्या पांगळ्या पिढीतली मी एक. २००० च्या नोव्हेंबरात स्टार प्लसवर ‘सोनपरी’ सुरू झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, साताऱ्यात, मंगळवार पेठेत. केबल आमच्याकडे नव्हती, खालच्या काकूंकडे होती. त्याच वाहिनीवर त्याच वर्षी जुलैत सासू-सुनांच्या मालिकेतली तुलसी विराणी अवतरली होती. त्यामुळे काकूंच्या घरी रिमोटवरून जे राजकारण चाले, ते साताऱ्याच्या गादीलाही झेपलं नसतं. आई नसलेली फ्रूटी, तिच्याजवळचा जादूचा चेंडू, तो घासला की येणारी सोनपरी आणि तिचा धांदरट साथीदार अल्तू. एका संध्याकाळी आजी मला जेवायला बोलवायला खाली आली, दारातच थबकली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, “अगंबाई, ह्या तर रमाबाई!” मग तिने चक्क हात जोडले.

आजीचं चुकलं नव्हतं. सोनपरी झालेली मृणाल कुलकर्णी म्हणजे गो. नी. दांडेकरांची नात. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनच्या ‘स्वामी’ मालिकेत ती माधवराव पेशव्यांची रमा झाली होती. रणजित देसाईंच्या कादंबरीने ती कथा आधीच घरोघर पोचवली होती. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. आजीने ती मालिका शेजाऱ्यांकडे बसून, पदर डोळ्याला लावून पाहिली होती. तिचे हात जुळले ते चितेवर चढलेल्या बाईपुढे. परी तिच्या हिशेबातच नव्हती.

आणि आई सांगते, १९८७ च्या सप्टेंबरात राजस्थानात देवराला गावी रूप कंवर चितेवर गेल्याची बातमी आली, तेव्हा याच आजीने ‘मेले कसाई’ म्हणत पेपर भिरकावला होता. सरकारला त्यावर नवा कायदा करावा लागला, आजीला नाही. दोन्ही आज्या खऱ्या. बाई जुनी असावी, दागिन्यांनी मढलेली असावी आणि मुख्य म्हणजे गप्प असावी. मग तिच्यापुढे हात आपोआप जुळतात.

व्याख्याते गृहस्थ माझ्या आजीचेच भाऊ शोभतील. त्यांच्या ताराबाई १७०० ते १७०७ एवढ्याच काळातल्या, घोड्यावरच्या, औरंगजेबाशी झुंजणाऱ्या. पुढे १७५० मध्ये रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद करून पेशव्यांना घाम फोडणारी सत्तरीची हट्टी म्हातारी भाषणात कधी येत नाही. ती काहीतरी मागत होती ना! तिची समाधी संगम माहुलीला कृष्णेच्या काठी आहे. वक्त्यांपैकी किती जण तिथे जाऊन आलेत, ते एकदा हात वर करून मोजावं.

तर, वकीलपत्र घेऊनच मी ‘सोनपरी’ पुन्हा बघायला बसले. सोबत आठ वर्षांची भाची. सिद्ध हे करायचं होतं की ती आमच्या पिढीची पहिली समर्थ बाई होती. चार-पाच भागांत अशिलाने दगा दिला. परीलोकातली भांडणं तिला आहेत, वैरिणी आहेत, पण तिचं खरं काम एकच: हाक आली की हातातलं टाकून यायचं. शाळेतलं संकट, घरातला घोळ, सगळं निस्तरायचं. चोवीस तास, बिनपगारी, हसतमुखाने. याला जादू म्हणायचं तर आमच्या घरात ती रोज पहाटे पाचला सुरू व्हायची. भाचीने मध्येच विचारलं, “सोनपरीला कुणाला बोलवायचं असलं तर? तिच्याकडे असतो का चेंडू?” मला उत्तर सुचेना.

इथे मला माझा लाडका लबाड आठवला, विल्यम मार्स्टन. वंडर वुमन १९४१ मध्ये जन्माला घालणारा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. १९७५ ते १९७९ या काळात टीव्हीवर लिंडा कार्टर जिच्या रूपात गिरकी घेऊन चष्मेवाल्या डायनाची महाशक्ती व्हायची, तीच ही वंडर वुमन. मार्स्टनने रक्तदाबावरून खोटं पकडायची चाचणी काढली होती. १९२३ च्या फ्राय खटल्यात कोर्टाने तिचा पुरावा उडवून लावला. कोर्टाने नाकारलेलं यंत्र त्याने मग नायिकेच्या कमरेला बांधलं: सोनेरी दोर, ज्याच्या फासात सापडलेला माणूस खरंच बोलतो. एक दिवस जगावर बायका राज्य करतील, हे भाकीत तो गंभीरपणे छापून आणायचा.

त्याच्या नायिकेच्या मनगटात रुंद कडी आहेत, ती बंदुकीच्या गोळ्या परतवतात. आपल्याकडे ‘हातात बांगड्या भरल्यात का’ ही शिवी. काम न करणाऱ्या साहेबाला मोर्चेवाले बांगड्यांचा आहेर करतात, त्या मोर्चात पुढे बायकाच असतात आणि आपण काय देतोय हे त्यांच्याही ध्यानात येत नाही. मार्स्टनने बांगडीची ढाल केली, म्हणून मी त्याच्यावर फिदा. पण त्याने एक मेख मारून ठेवली होती: पुरुषाने त्या कड्यांना साखळी जोडली की हिची शक्ती गेली. आणि ती कडी त्याला सुचली कुठून? त्याच्याच घरात राहणाऱ्या ऑलिव्ह बर्नच्या मनगटावरून. घरात बायको एलिझाबेथ नोकरी करून पैसे आणी, ऑलिव्ह दोघींची मिळून चार मुलं वाढवी, आणि हे साहेब स्त्रीराज्याचं भविष्य लिहीत. ऑलिव्ह विधवा आहे असं जगाला सांगितलेलं होतं. तिच्या मुलांनाही बाप वारल्याचंच सांगितलेलं. खोटं पकडणाऱ्याचं घर एका खोट्यावर उभं. १९४७ मध्ये तो गेला, त्या दोघी पुढे कित्येक दशकं एकत्र राहिल्या. त्यांच्या मालिकेची वाट मी अजून बघते आहे.

थोडक्यात, महाशक्तीच्या गोष्टीत शक्ती कुणाची हे बघायचं आणि घरकाम कुणाकडे हेही बघायचं. या परीक्षेत सोनपरी नापास. म्हणजे गृहस्थ जिंकले?

तसं मानून मी आठवडाभर गप्प होते. मग लक्षात आलं, मी भलत्याच बाईकडे बघत होते. नऊ वर्षांच्या पोरी सोनपरी व्हायला बसत नव्हत्या. आम्हाला फ्रूटी व्हायचं होतं. आणि फ्रूटी काय करते? अडलं की हाक मारते. खाली मान घालून नाही, ‘तुम्हाला त्रास होणार नसेल तर’ म्हणून नाही. सरळ.

आमच्या घरात ही कला कुणालाच येत नव्हती. ‘कुणापुढे हात पसरायचा नाही’ हा आजीचा मंत्र, आईने तो आणखी कडक केला. मी दहावीत असताना एका रात्री आईच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. ती स्वयंपाकघरात ओट्याला पोट टेकून उभी राहिली, रात्रभर. सकाळी दुधाच्या पातेल्याशेजारी फरशीवर बसलेली सापडली. अपेंडिक्स फुटलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, रात्रीच का नाही आणलंत? आई म्हणाली, “उगाच सगळ्यांची झोपमोड.” नातेवाईक आजही ही हकीकत कौतुकाने सांगतात. केवढी सोशिक! रमाबाईंपुढे जुळलेले हात ते हेच.

आता हौसाताई. गृहस्थांनी त्यांना रणरागिणी म्हटलं आणि विषय संपवला. पण २०२१ मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी गेलेल्या या विट्याच्या आजींनी पी. साईनाथांना सांगितलेला प्रसंग माझ्या बाजूचा आहे. पत्री सरकारचे दिवस. पोलीस ठाण्यातली हत्यारं पळवायची होती. ठाण्यासमोर एक नवरा बायकोला बडवू लागला, दगड उचलून धावला, बायको जिवाच्या आकांताने ओरडली. पोलीस सोडवायला बाहेर आले, तेवढ्यात साथीदारांनी रायफली लंपास केल्या. ती बायको म्हणजे हौसाताई, नवरा सोंगातला, चळवळीतला साथीदार. सोंग खरं वाटावं म्हणून त्याने खरंच मारलं, ही त्यांची तक्रार म्हातारपणीही कायम होती. तिथे हत्यार कोणतं होतं? चारचौघांत मोठ्याने मारलेली हाक. बाई रडली म्हणजे बिचारी, या पोलिसांच्या समजुतीवर तो अख्खा डाव उभा होता, हे मलाही टोचतं. पण ओरडायची लाज वाटली असती, तर रायफली ठाण्यातच राहिल्या असत्या.

आणि म्हसवडच्या बायका? माणदेशी बँकेसाठी त्यांनी रिझर्व्ह बँकेकडे परवाना मागितला. अंगठेबहाद्दरांना बँक कशी देणार, म्हणून नकार आला. त्या लिहा-वाचायला शिकल्या, काही महिन्यांनी पुन्हा गेल्या, पुन्हा मागितलं. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. दुसऱ्यांदा मागायला पहिल्यापेक्षा जास्त छाती लागते. विश्वचषक जिंकलेल्या स्मृती मानधनाचं नाव घेऊनही गृहस्थांनी ‘एकटीची जिद्द’ म्हणून टाळ्या घेतल्या. भावाचा खेळ बघून ती बॅटकडे वळली, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. एकटीची जिद्द ही भाषणात छान दिसते. घरात तिचं अपेंडिक्स फुटतं.

भाचीचा प्रश्न मात्र तसाच राहिला आहे. हाकेला ओ देणाऱ्या बाईने कुणाला हाक मारायची? मालिकेकडे उत्तर नव्हतं, मार्स्टनकडे नव्हतं, माझ्याकडेही नाही. शाळेची फी, डबा, सासूबाईंच्या गोळ्या हे सगळं उरकून रात्री अकराला हा लेख लिहिते आहे, यावरून काय ते समजावं.

गृहस्थांना मला इतकंच विचारायचं होतं: तुमच्या यादीतली एक तरी बाई कुणाच्या मदतीशिवाय लढली का? एका ओळीचा प्रश्न. माईक माझ्या रांगेत आला होता. शेजारच्या बाईने तो हातात घेतला, क्षणभर माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच ‘नको’ म्हटलं. मग तिनेही काही न विचारता तो पुढे दिला.